रोज एक खोटं

बाईंनी मला खोटं बोलायला शिकवलं. या वयात, या परमुलखात, माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या गिरणीवाल्याला. त्यांचे उपकार मी मेलो तरी फिटायचे नाहीत.

लोक म्हणतात त्या इंग्रजी शिकवायच्या. ते खरंच. पण इंग्रजी शिकवणारे शारजात गल्लोगल्ली आहेत, काचेच्या दारावर पाटी लावून बसलेले. बाईंना पाटी नव्हती. टोपी होती.

आधी त्यांचं ध्यान सांगतो. सुती पाचवारी, पायात पोरं पळायला घालतात तसले बूट, आणि डोक्यावर काळी गोल टोपी. टोपी डोक्यात बसायची नाही, नुसती वर ठेवलेली असायची, लोटीवर वाटी ठेवावी तशी. ही टोपी बोलिव्हिया नावाच्या देशातली. तिथल्या बाजारात बसणाऱ्या बायका अशीच घालतात म्हणे. बाई मूळच्या नागपूरकडच्या. लग्न केलं नाही. तरुणपणी इंग्रजी शिकवायची नोकरी धरून तिकडे गेल्या आणि केस पांढरे होईतो तिकडेच राहिल्या. तिथे लोक स्पॅनिश बोलतात. तो देश कुठे आहे ते माझ्या नातीने मला फोनवर बोट सरकवून दाखवलं. बोट दमलं तरी देश येईना.

म्हातारपणी भाचीने त्यांना इकडे आणलं, आमच्याच बिल्डिंगमध्ये. भाचीचा नवरा दुबई मरीनातल्या कुठल्याशा ऑफिसात साहेब. लिफ्टचं दार उघडून आत टोपी दिसली की तो मोबाइलमध्ये तोंड घालायचा. एकदा माझ्यादेखत म्हणाला, "मावशी, लोक बघतात हो."

"बघू देत. बघतील, मग विचारतील. विचारलं की बोलतील. माझं काम झालं."

माझी त्यांची गाठही त्याच लिफ्टमधली. मी लेंगा आणि बंडीवर खाली चाललो होतो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सरळ मराठीत विचारलं, "काय खाल्लंत?"

ओळख ना पाळख. मी म्हटलं, "काही नाही."

"खोटं. मिशीला आमटी आहे."

मी मिशी पुसली. बाई खूश. "खोटं बोलता येतं ना तुम्हाला? मग इंग्रजीही येईल. संध्याकाळी खाली या, कॅफेटेरियासमोर."

मी गेलो नाही. तेव्हा मी कुठेच जात नव्हतो.

इथे माझ्या बायकोबद्दल सांगावं लागेल. चिपळूणच्या पुढे आमची गिरणी होती. मी आत जात्याशी, ती बाहेर काट्याशी. आत एवढा आवाज की बोलून उपयोग नाही, म्हणून मला बोलायची सवयच लागली नाही. बाहेर ती दळणाला आलेल्या प्रत्येक बाईशी बोलायची. कोणाची सून, कोणाचा गुडघा, कोणाची गाय, सगळं तिला ठाऊक. आमच्या घरात बोलायचं खातं तिच्याकडे होतं. मुलगा शारजाहून फोन करायचा तेव्हा मी "बरा आहेस ना?" म्हणून फोन तिला द्यायचो. नात सई, नऊ वर्षांची, इथेच जन्मली, इथेच वाढली, बोलते फक्त इंग्रजी. ही मराठीत बोलायची, ती इंग्रजीत, आणि दोघी फोन पडेपर्यंत हसायच्या.

"काय म्हणाली गं?" मी विचारायचो.

"तुम्हाला नाही कळायचं."

"तुला कळलं?"

"मलाही नाही. पण पोर हसली की नाही?"

शारजाला मात्र ती कधी आली नाही. पासपोर्ट काढला होता. पण विमानाच्या खिडक्या उघडत नाहीत असं कोणीतरी सांगितलं, आणि तिने हट्ट धरला, खिडकी उघडत नाही त्यात मी बसणार नाही. पुढच्या वर्षी बघू म्हणाली. मग एका दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही.

मुलाने मला इकडे आणलं. मुलगा आणि सून अंधार असतानाच दुबईला निघतात, रस्त्यावर गाड्यांची ही रांग. परततात तेव्हा दोघांच्या तोंडाला फेस. सई शाळेतून आली की घरात ती आणि मी. मी विचारायचो, "जेवलीस?" ती म्हणायची, "येस." खलास. ती तिच्या खोलीत, मी गॅलरीत. एक दिवस सून अडखळत म्हणाली, "बाबा, सई विचारत होती, आजोबा माझ्यावर रागावलेत का?"

रागावलो नव्हतो. माझ्याजवळ शब्दच नव्हते, मराठीतसुद्धा. बायको गेली हे मी तोंडाने कोणाला सांगितलंच नव्हतं. गावात सगळ्यांना आपोआप कळलं, इथे मुलाने सांगितलं. घरात तिचं नाव कोणी काढत नसे. माझ्यासमोर काढायचं नाही असं त्यांचं ठरलं असावं.

मी मुलाला म्हटलं, "मला गावी पाठव."

"तिथे कोण आहे, बाबा?"

"इथे कोण आहे?"

त्याचं तोंड उतरलं. पण मी बोललो ते बोललो. तो म्हणाला, सईच्या शाळेला सुट्टी लागेपर्यंत थांबा, मग तिकीट काढतो. मी गावी जाऊन काय करणार होतो? बंद गिरणीच्या पायरीवर बसून मरायची वाट बघणार होतो, दुसरं काय.

तर त्या थांबायच्या दिवसांत एका संध्याकाळी गॅलरीत बसवेना म्हणून खाली उतरलो आणि बाईंच्या तावडीत सापडलो.

आमच्या बिल्डिंगखाली एका मल्याळी माणसाचं कॅफेटेरिया आहे. बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या. तिथे बाईंचा वर्ग भरायचा. फी नाही, पुस्तक नाही, फळा नाही. विद्यार्थी कोण, तर पाण्याचा टँकर चालवणारा एक पठाण आणि लेबर कॅम्पात राहणारा आमच्या खेडचा एक गवंडी. त्यात मी. उन्हाळ्यात बाहेर बसणं म्हणजे भट्टीत बसणं, तेव्हा वर्ग आत एसीखाली, मागच्या टेबलावर.

बाईंच्या वर्गात तीन शब्दांना बंदी होती. फाइन, सॉरी आणि थँक्यू. कोणी "हाउ आर यू" म्हटल्यावर "फाइन" म्हणालं की बाई टेबलावर टोपी आपटायच्या. "फाइन म्हणजे दार लावून घेणं. काय खाल्लं ते सांगा, कुठे दुखतं ते सांगा." सॉरी का नाही? "चुकणार तर आहातच, मग दर वेळी काय रडायचं?" आणि थँक्यू?

"थँक्यू म्हटलं की बोलणं संपतं आणि माणूस उठून जातो," बाई म्हणायच्या. "माझ्या वर्गात उठायचं नाही."

या तीन शब्दांवरच सगळी शारजा चालते. ते काढून घेतल्यावर माणसाने बोलायचं काय? तर खोटं. रोज प्रत्येकाने एक खोटं बोलायचं, इंग्रजीत. बाकीच्यांनी हे खोटं आहे असं म्हणायचं नाही. फक्त प्रश्न विचारायचे, आणि खोटं बोलणाऱ्याने शेवटपर्यंत उत्तरं द्यायची. पळायचं नाही.

ही अक्कल त्यांना बोलिव्हियात आली. बाजारातल्या बायकांना त्या शिकवायच्या. बायका मान खाली घालून बसायच्या, पुस्तकातलं एक वाक्य तोंडातून निघेना. मग एक दिवस एका गोऱ्या प्रवाशाने एका बाईची घोंगडी उचलून बघितली आणि ती बाई एकदम इंग्रजीत म्हणाली, ही माझ्या आजीची आहे. घोंगडी गेल्या आठवड्यातली. तो विचारत गेला, ती सांगत गेली. आजी कशी होती, किती म्हातारी होती, तिला दात होते का नव्हते. घोंगडी खपली. दुसऱ्या दिवसापासून बाईंनी पुस्तक ठेवून दिलं.

"खरं बोलताना माणूस घाबरतो, चुकेल म्हणून," त्या म्हणायच्या. "खोट्यात काय चुकणार? ते मुळातच चूक आहे."

आणि वाक्य लहान हवं. त्यांचं ते गाव डोंगरावर इतकं उंच होतं म्हणे की लांब वाक्य बोलायला श्वासच पुरत नसे. "श्वास मोजका, तर शब्द मोजके." शारजा समुद्राला टेकलेली, इथे हवेला काय तोटा? पण बाईंनी सवय सोडली नाही.

पठाणाचं खोटं ठरलेलं. त्याच्याकडे एक उंट आहे आणि तो शर्यतीत पहिला येतो. खेडचा गवंडी म्हणायचा, दुबईतल्या सगळ्यात उंच इमारतीच्या टोकाला त्याने ओल्या सिमेंटात आईचं नाव लिहिलंय. "व्हिच साइड?" पठाणाने विचारलं. "बॅक साइड," गवंडी म्हणाला. "टुरिस्ट नो सी. ओन्ली बर्ड सी." बाई म्हणाल्या, "बर्ड कॅन रीड?" गवंडी म्हणाला, "मराठी बर्ड." हसून हसून पठाणाचा चहा सांडला.

माझी पाळी आली. मला इंग्रजी येत होतं ते गिरणीच्या मोटरीवर लिहिलेलं. हॉर्सपॉवर, मेड इन इंडिया. मी बसून राहिलो. बाई सोडेनात. शेवटी माझ्या तोंडातून निघालं, "माय वाइफ मेक टी."

वाटलं, जमीन दुभंगेल. काही झालं नाही. पठाणाने दाढी खाजवत विचारलं, "शुगर?"

"मोर शुगर," मी म्हटलं.

"जिंजर?" गवंडी म्हणाला.

"इन रेन. ओन्ली इन रेन."

"व्हॉट शी से?" बाईंनी विचारलं. "चहा देताना काय म्हणते?"

मला इंग्रजीत येईना. हाताने दाखवलं, कप कसा आपटते ते. बाई म्हणाल्या, "गुड. शी इज अँग्री. व्हाय?"

झालं. रोज मी जायला लागलो. माझं खोटं एकच. माझी बायको शारजाला आली आहे. शब्द बाई द्यायच्या, ती काय करते ते मी सांगायचो. ती लिफ्टमध्ये घुसमटते. मॉलमध्ये थंडी वाजते म्हणून पदर कानावरून घेते. दिरहमचे रुपये करून बघते आणि कोथिंबीर परत ठेवते. एकदा मी तिला मासळी बाजारात नेलं. "फिश मॅन से, फ्रेश फिश. माय वाइफ ओपन फिश नेक. शी से, यू फ्रेश. फिश नॉट फ्रेश." पठाण म्हणाला, "भाभीजी को मेरा सलाम बोलना," आणि बाईंनी हिंदी बोलल्याबद्दल त्याला झापलं.

वर्ग सुटताना पठाण म्हणायचा "खलास", बाई त्यांच्या स्पॅनिशमध्ये म्हणायच्या "या एस्ता", आणि मी म्हणायचो "झालं". एकच गोष्ट. पण घरी जाताना मला वाटायचं, संपलं नाही, उद्या ती कुठे जाईल ते ठरवायचंय.

घरी मात्र तेच. जेवलीस? येस. सुट्टी जवळ आली. मुलाने विचारलं, "बाबा, तिकीट बघू?" मी म्हटलं, "बघ." खालचं खाली, वरचं वर. सईपुढे हे खोटं कसं बोलणार? तिला तर खरं माहीत.

आणि नेमकी तीच एका संध्याकाळी खाली आली. मी मोबाइल घरी विसरलो होतो, तो घेऊन. मी तिच्याकडे पाठ करून बसलेलो. सांगत होतो, "टुडे माय वाइफ गो बिग मॉल. शी सी मूव्हिंग स्टेप्स. शी व्हेरी अफ्रेड."

मागून आवाज आला, "बट आजी इज डेड."

आमच्या घरात तोवर हे कोणी मोठ्याने म्हटलं नव्हतं. पोरीने म्हटलं. मी वळलो. ती मोबाइल दोन्ही हातांत धरून उभी, डोळे मोठे. माझी लाज गेली. म्हातारा येडा झाला असंच तिला वाटलं असणार. मी पठाणाकडे बघितलं, गवंड्याकडे बघितलं. दोघांपैकी एकालाही धक्का बसला नव्हता.

बाई सईला म्हणाल्या, "वी नो."

सगळ्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. शुगर विचारणाऱ्याला माहीत होतं, जिंजर विचारणाऱ्यालाही.

बाईंनी पायाने एक खुर्ची पुढे ढकलली. "सिट. हिअर वी ओन्ली आस्क क्वेश्चन्स. आस्क."

सई बसली. मग हळूच म्हणाली, "डिड शी टेक ऑफ हर चप्पल्स?"

मला समजेना. सईने सांगितलं, मधेमधे बाई मराठी करत गेल्या. एकदा सईने फोनवरून आजीला मॉलमधले सरकते जिने दाखवले होते. आजीने पायातली चप्पल काढून फोनपुढे धरली आणि विचारलं होतं, एवढं स्वच्छ आहे, तर चपला काढून चढायचं का गं? आणि दोघी हसल्या होत्या. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. जन्मभर तिच्याबरोबर राहिलो, आणि तिची एक गोष्ट या पोरीजवळ होती, माझ्याजवळ नव्हती.

मी म्हटलं, "यस. शी टेक चप्पल इन हँड. वॉचमन रन बिहाइंड. ही से, मॅडम, मॅडम, चप्पल!"

सई हसली. फोनमधून ऐकू यायचं तेच ते हसू. आणि मग रडायला लागली. मग मी. पठाण चहा आणतो म्हणून उठला, दारापर्यंत गेला आणि चहा न आणताच परत आला. फक्त बाईंना दया नाही. टोपी सारखी करत म्हणाल्या, "नो खलास. गो ऑन. व्हॉट कलर चप्पल?"

"ब्ल्यू," मी आणि सई एकदमच म्हणालो.

त्या रात्री जेवताना सई आपण होऊन माझ्या शेजारी बसली आणि आईबापांना म्हणाली, "आजी वेंट टू द मॉल टुडे." मुलाचा घास हातात राहिला. मी त्याला म्हटलं, "हे खोटं आहे असं म्हणायचं नाही. प्रश्न विचार." तो कसाबसा म्हणाला, "तिने... काय घेतलं?" आणि सुनेने डोळ्यांना ओढणी लावली. जेवणं आटोपल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, तिकिटाचं..." मी म्हटलं, "राहू दे."

आता सई मराठी शिकतेय असं नाही, आणि माझं इंग्रजी म्हणजे दळणातले खडे. पण आमचं चालतं. तिची आजी आता पार अबू धाबीपर्यंत जाऊन आली, विमानातसुद्धा बसली. खिडकी उघडली का, सईने विचारलं. मी म्हटलं, पायलटशी भांडली, मग त्याने उघडली.

बाईंचा श्वास यंदा थंडीत बिघडला. हॉस्पिटलात नेलं तेव्हा मी सईला घेऊन बघायला गेलो. नाकातोंडावर ती नळीची वाटी, टोपी बाजूच्या टेबलावर. वाटी बाजूला करून म्हणाल्या, "मी परत उंचावर आले, गिरणीवाले. श्वास... मोजका."

मी घरून ठरवून गेलो होतो. आज बोलायचंच, बंदी असली तरी. मी तोंड उघडलं आणि त्यांनी बोट वर केलं. त्यांना कळलं होतं, कुठला शब्द येतोय ते. म्हणाल्या, "आजचं खोटं?"

मी म्हटलं, "मॅडम, यू लुक फाइन."

बाई इतक्या हसल्या की नर्स धावत आली आणि आम्हाला बाहेर काढलं. तेच शेवटचं.

त्या गेल्यावर पहिल्या संध्याकाळी आम्ही सगळे खाली जमलो. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. कॅफेटेरियावाल्याने सवयीने त्यांचा कडक चहा त्यांच्या खुर्चीसमोर आणून ठेवला, मग त्याच्या लक्षात आलं आणि तो तिथेच उभा राहिला. पठाण खाली मान घालून. गवंडी कॅम्पाहून एवढ्या लांब बसने आलेला, त्याच्या बुटांना सिमेंट तसंच. सई माझ्या शेजारी.

मी घसा खाकरला. म्हटलं, "मॅडम लेट टुडे."

पठाणाने मान वर केली. डोळे लाल. माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "व्हाय लेट?"

"लिफ्ट," मी म्हटलं. "शी आस्क एव्हरी मॅन, व्हॉट यू ईट. लिफ्ट नॉट मूव्हिंग."

"देन टेक स्टेअर्स," गवंडी म्हणाला.

"शी टेक. कमिंग डाउन. स्लोली."

सईने माझा हात धरला. "इज शी वेअरिंग द हॅट?"

"यस. फॉलिंग. शी कॅच. अगेन फॉलिंग."

कॅफेटेरियावाल्याने बाईंच्या चहावर बशी झाकली, निवू नये म्हणून. थँक्यू कोणी म्हटलं नाही. कोणी उठलंही नाही.